गोव्याच्या मातीत अस्थी का टिकत नाहीत? मृत्यूच्या पुरातत्त्वाविषयी

जांभा
मृत्यूच्या पुरातत्त्वाचे मला फार वर्षांपासून आकर्षण आहे. चारचौघांत ते सांगता येत नाही, कारण स्मशानाचा विषय आपल्याकडे तिन्हीसांजेला काढायचा नसतो, जेवताना काढायचा नसतो, घरात कोणी आजारी असेल तर मुळीच काढायचा नसतो, आणि एवढे टाळून उरलेल्या वेळात ऐकणाऱ्याला दुसरी कामे असतात. म्हणून या चर्चामंचावर सविस्तर लिहितो.

या विषयातील भुताखेतांचा भाग मला फारसा खुणावत नाही. मृताला कोठे ठेवायचे, कोणत्या दिशेला डोके करायचे, सोबत काय द्यायचे आणि किती काळ तेथे राहू द्यायचे, हे सर्व मागे राहिलेली माणसे ठरवतात. त्यामुळे थडगे उघडल्यावर मृतापेक्षा त्याच्या घराविषयीच अधिक कळते. याचे मराठी वाचकांना जवळचे उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील, घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या दरम्यानच्या त्या ताम्रपाषाणयुगीन गावात दोनशेहून अधिक दफने मिळाली आणि त्यांतील बहुतेक राहत्या घरांच्या जमिनीखाली किंवा अंगणात होती. लहान मुलांना दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना जोडून, आडवे ठेवलेले असे. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे निजवत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडून टाकत. मृताने उठून परत येऊ नये अशी भीती त्यामागे असावी, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्याची भीती वाटते त्याला माणूस गावाबाहेर नेऊन टाकतो, आपल्या चुलीपासून चार हातांवर पुरत नाही. मृताने जाऊ नये, घरातच राहावे, हाही त्या तोडलेल्या पावलांचा अर्थ असू शकतो, आणि अस्थी दोन्ही अर्थांना सारखाच पाठिंबा देतात.

त्याच गावात, पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांचा एक मातीचा रांजण सापडला. त्यात एका पुरुषाला मांडी घालून बसवलेले होते. घराला लागून धान्याचे कोठार होते. गावचा प्रमुख कोण, हे इनामगावने लिहून ठेवले नाही, पण कोणाला झोपवायचे आणि कोणाला बसवायचे यातून ते सांगितले.

आता गोव्याकडे येतो. येथेही माणसाचा वावर प्राचीन आहे. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे जांभ्यावर कोरलेली चित्रे त्याची साक्ष देतात. ती कोरणाऱ्यांचे मृत मात्र आपल्याला भेटत नाहीत. यामागे मोठा वाटा मातीच्या रसायनाचा असावा असे मी मानतो. हाडाचा टणकपणा कॅल्शियमच्या फॉस्फेटमुळे असतो आणि आम्लधर्मी पाण्यात तो हळूहळू विरघळतो. इनामगावच्या काळ्या मातीत चुनखडीचे प्रमाण चांगले आहे, पाऊस कमी आहे, म्हणून तेथे अर्भकांची नाजूक हाडेसुद्धा राहिली. गोव्यात जांभ्याची आम्लधर्मी माती आणि वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. चार महिने पाणी जमिनीतून झिरपत राहते. अशा जमिनीत पुरलेला देह काही शतकांनी शिल्लक राहिलाच तर दातांच्या कवचापुरता राहतो. तेव्हा गोव्याच्या मृतांचा इतिहास जेथे छप्पर, दगड आणि चुना मिळतो तेथूनच वाचता येतो, म्हणजे बहुतांशी चर्चच्या फरशीपासून.

जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये शिरले की आपण थडग्यांवरूनच चालतो. फरशीत बसवलेल्या शिळांवर घराण्यांची मानचिन्हे आहेत आणि पोर्तुगीजमध्ये ठराविक मजकूर आहे: ही कबर अमक्याची व त्याच्या वारसांची. त्यातील वारसांचा उल्लेख मला सर्वांत बोलका वाटतो. तो दुःखाचा उद्गार नाही, मालमत्तेची नोंद आहे. एकाच शिळेखाली पिढ्यान्‌पिढ्या देह ठेवायचे असत. नव्यासाठी जागा करताना जुन्याच्या अस्थी बाजूला सारल्या जात. अशा फरशीखाली उत्खनन करणाऱ्याला अखंड सांगाडा क्वचितच मिळतो, आणि त्याचे कारण नंतरची तोडफोड नसून मूळचीच पद्धत असते.

गोव्यातील अशा जागांविषयी आपणांपैकी कोणी काही पाहिले, वाचले असेल तर अवश्य लिहावे.

सातेरी
लेखन आवडले, परंतु गोव्याच्या मृतांचा इतिहास चर्चच्या फरशीपासून सुरू होतो, हे मला मान्य नाही. ज्या समाजात दहन होते तेथे अस्थी पाण्यात जातात आणि स्मृती दगडावर राहते. आपल्या वीरगळांना, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांना, आपण मृत्यूच्या पुरातत्त्वातून का वगळता? गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या काळातील वीरगळ जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात आहेत, पणजीच्या राज्य संग्रहालयातही आहेत, आणि अनेक गावांत देवळाच्या आवारात तेल-शेंदूर लावलेले उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई व वीराचे पतन, मध्ये अप्सरा त्याला वर नेत आहेत, वरती तो शिवलिंगासमोर बसलेला आणि शिखराशी चंद्र-सूर्य. गोव्यातील काही वीरगळांवर लढाई होडीतली आहे. वल्ही मारणारी माणसे स्पष्ट दिसतात. समुद्रात मेलेल्या माणसाची अस्थी कोणत्याही मातीत मिळणार नव्हती. त्याच्यासाठी दगडच सर्व काही होता.

सतीशिळांचे वाचन अधिक कठीण जाते. कोपरात वाकवून वर उचललेला, बांगड्या भरलेला हात, एवढेच पुष्कळदा असते. वीराचा पराक्रम तीन चौकटींत सांगितला जातो आणि तिच्या वाट्याला एक हात येतो. पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकेर्क याने १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर सतीवर बंदी घातली, हे इतिहासात नोंदलेले आहे. त्याआधी किती जणी गेल्या याची नोंद याच शिळांपुरती आहे.

शिवाय आपल्यातही सगळेच दहन करत नाहीत. लहान मुलांना पुरतात, संन्याशांना समाधी देतात. काणकोणातील पर्तगाळी मठाच्या स्वामींची वृंदावने पूजेत आहेत, म्हणून त्यांना कोणी थडगे म्हणणार नाही, परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने ती दफनस्थळेच आहेत.

घाटमाथा
मी मूळचा नागपूरकडचा, आता नोकरीनिमित्त फोंड्याला असतो. विदर्भाचा उल्लेख झाला नाही म्हणून थोडी भर घालतो. नागपूरजवळ जुनापाणी येथे शेकडो शिलावर्तुळे आहेत. इंग्रजी अमदानीत, १८७९ मध्ये, रिव्हेट-कार्नॅक यांनी त्यांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथे उत्खनने झाली. ही वर्तुळे इसवी सनपूर्व पहिल्या सहस्रकातील लोहयुगीन माणसांची दफने आहेत. माहुरझरीत मृतांबरोबर घोड्यांचे सांगाडे मिळाले, घोड्यांच्या मुखावर बांधायचे तांब्याचे अलंकार मिळाले, लोखंडी शस्त्रे मिळाली. त्या मानाने त्या लोकांच्या वस्त्या फार कमी सापडल्या आहेत. म्हणजे ज्यांची घरे कुडाची होती त्यांनी मृतांसाठी मात्र मोठमोठे धोंडे वाहून आणले.

गोव्यातून जायचे असेल तर विदर्भापेक्षा कर्नाटकातील हिरेबेणकल जवळ पडेल. कोप्पळ जिल्ह्यात, गंगावतीच्या बाजूला, डोंगरावर दगडी चिपांच्या खोल्या रांगेने उभ्या आहेत, काहींच्या एका चिपेला गोल झरोका पाडलेला आहे. उन्हाळ्यात जाऊ नये, सावली नाही.

दातांविषयी जांभा यांनी ओझरते लिहिले आहे, पण दात हा या शास्त्राचा अर्धा ग्रंथ आहे. बालवयात उपासमार किंवा मोठे आजारपण झाले की दाताच्या कवचावर आडव्या खाचा राहतात आणि त्या आयुष्यभर पुसल्या जात नाहीत. किडलेल्या दातांचे प्रमाण पाहून आहारात पिष्ट किती होते याचा अंदाज येतो. इनामगावच्या शेवटच्या काळात शेती मागे पडली आणि माणसे शिकार व पशुपालनाकडे अधिक वळली, असे जे सांगितले जाते त्याला दातांच्या अभ्यासाचाही आधार आहे. मृत्यूचे पुरातत्त्व असे आपण म्हणतो खरे, पण त्यातून हाती येते ते बहुधा बालपण.

तिसवाडीकर
गोव्यात अस्थीने इतिहास सांगितल्याचे सर्वांत ठळक उदाहरण राहून जाऊ नये म्हणून लिहितो. जुने गोवे येथील मॉन्ते सांतोच्या टेकडीवर सेंट ऑगस्टीनचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. त्याच्या पायथ्याशी ऑगस्टिनियन पंथाचे चर्च आणि मठ यांचे अवशेष आहेत. पोर्तुगाल सरकारने धार्मिक पंथ बंद केल्यावर १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि मनोऱ्याचा मोठा भाग १९३१ मध्ये पडला. या ढिगाऱ्यात जॉर्जियाची एक राणी असल्याची कागदोपत्री नोंद होती.

जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणचा शाह अब्बास पहिला याने शिराझ येथे अनेक वर्षे बंदी ठेवले. तिने धर्म सोडण्यास नकार दिला, तेव्हा १६२४ मध्ये तिला हालहाल करून मारण्यात आले. शिराझमध्ये असलेल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यात आणून या मठात ठेवले. जॉर्जियात ती संत मानली जाते. तेथील लोकांनी या अवशेषांच्या शोधासाठी अनेक वर्षे पाठपुरावा केला. जुन्या पोर्तुगीज कागदांत अवशेषांची पेटी मठातील कोणत्या उपासनागृहात, कोणत्या खिडकीपाशी ठेवली होती याचा उल्लेख होता, पण छत कोसळलेल्या वास्तूत ती खिडकी ठरवणे हेच मोठे काम होते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या उत्खननात २००४ मध्ये तेथे हाताचे एक हाड मिळाले.

पुढचा भाग हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात झाला. त्या हाडातील, आईकडून येणाऱ्या डीएनएचा गट यू-१-बी निघाला. तुलनेसाठी पाहिलेल्या भारतातील हजारो नमुन्यांत तो आढळला नव्हता, जॉर्जियातील नमुन्यांत आढळला. त्याच परिसरातून घेतलेल्या आणखी दोन अस्थींचे गट मात्र दक्षिण आशियातील निघाले. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी हे अवशेष जॉर्जियाला भेट दिले.

येथे थोडे सावध राहावे असे माझे मत आहे. आईकडून येणारा हा डीएनए एका व्यक्तीची ओळख पटवत नाही; तो घराण्याची दिशा दाखवतो. खात्री येते ती कागद, खिडकी आणि डीएनए या तिन्हींचा मेळ बसल्यावर. एकट्या प्रयोगशाळेला सगळे श्रेय देणाऱ्या बातम्यांनी जुने कागद वाचणाऱ्यांवर अन्याय केला.

सातेरी
केतेवान राणीच्या बाबतीत शोध घेणारेच तिचे भक्त होते, म्हणून त्या उत्खननात मला काही गैर वाटत नाही. परंतु मृताला उकरणे ही प्रत्येक वेळी ज्ञानाचीच गोष्ट नसते, आणि याचे उदाहरणही गोव्यातच आहे. औषधी वनस्पतींवरील ज्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, ते वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ मध्ये वारले. ते मूळच्या ज्यू घराण्यातील होते. पुढच्या वर्षी त्यांच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, जाळले, आणि १५८० मध्ये स्वतः ओर्ता यांच्या अस्थी कबरीतून काढून जाळण्यात आल्या. मृत्यूनंतर बारा वर्षांनी शिक्षा! पणजीत चर्चसमोरच्या उद्यानाला आज त्यांचे नाव आहे. कबर उकरणाऱ्या हातात कुदळ असो वा ब्रश, मृताची परवानगी कोणीच घेत नाही. तेव्हा कोणत्या अस्थी संग्रहालयात ठेवायच्या आणि कोणत्या अभ्यासानंतर परत मातीत द्यायच्या, हे ठरवण्याचा अधिकार केवळ अभ्यासकांकडे असू नये.

सांतिनेज
आमचे घर कॅथलिक असल्यामुळे आजच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण पुरातत्त्वाच्या चर्चेत चालू काळ नेहमीच राहून जातो. आमच्याकडे बहुतेकांची फोंड, म्हणजे कबर, कायमची नसते. काही वर्षांनी ती उघडतात, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात किंवा दफनभूमीतल्या सामाईक अस्थिकूपात सोडतात, आणि त्या जागी दुसऱ्या कोणाला पुरतात. कायमची कबर ज्यांना परवडते त्यांची असते. दोन नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, घरोघरची माणसे कबरी धुऊन फुले-मेणबत्त्या लावतात. ज्यांच्या अस्थी कूपात गेल्या त्यांच्यासाठी मोठ्या क्रुसापाशी लावतात. माझ्या आजीच्या अस्थी कोनाड्यात आहेत. त्या काढल्या तेव्हा मी तेथे होते आणि मला त्यात भयंकर असे काही वाटले नाही. पाऊस संपल्यावर करायचे एक काम, अशाच सुरात मोठी माणसे बोलत होती.

चर्चच्या आत पुरणे कसे थांबले हेही पाहण्यासारखे आहे. पोर्तुगालमध्ये १८३५ मध्ये कायद्याने दफन चर्चबाहेरच्या दफनभूमीत करणे सक्तीचे झाले. ही आरोग्याची सुधारणा लोकांना इतकी रुचली नाही की १८४६ मध्ये उत्तर पोर्तुगालमध्ये जो मोठा उठाव झाला त्याचे एक कारण चर्चमधील दफनाची बंदी हे होते, आणि त्यात गावच्या बायका आघाडीवर होत्या. गोव्यातल्या चर्चशेजारच्या भिंतबंद दफनभूमी पाहताना मला तो उठाव आठवतो. आपण ज्याला जुनी परंपरा समजतो ती पुष्कळदा एकोणिसाव्या शतकातील सरकारी आदेशाची उपज असते.

जांभा
सातेरी यांचा आक्षेप मी मान्य करतो, वीरगळांना वगळून गोव्याचा विचार अपुरा राहतो. सांतिनेज यांनी लिहिलेली अस्थी हलवण्याची पद्धत मला या साऱ्या चर्चेच्या गाभ्याशी नेते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गोव्यातील मोठी माणसे मेल्यावर स्थिर राहिलेली नाहीत. अल्बुकेर्क १५१५ च्या डिसेंबरात गोव्याच्या बंदरात, जहाजावरच वारला. त्याला येथील एका चर्चमध्ये पुरले आणि १५६६ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला गेले. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील शांगचुआन बेटावर वारले. तेथे त्यांना चुन्यात पुरले होते; तेथून देह मलाक्काला आणि १५५४ मध्ये गोव्याला आला. उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग १६१४ मध्ये रोमला गेला. बॉम जेझू बॅसिलिकेतील संगमरवरी समाधी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेली, शिल्पकार फॉग्गिनीने घडवलेली. ती येथे १६९८ मध्ये उभी राहिली, म्हणजे मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. झेवियर ज्या पंथाचे होते त्या जेझुइटांच्या हकालपट्टीनंतर देह बदलला गेल्याची कुजबुज सुरू झाली, तेव्हा लोकांची खात्री पटावी म्हणून १७८२ मध्ये तो सर्वांसाठी दर्शनाला ठेवण्यात आला. दर दहा वर्षांनी होणारा आणि २०२४-२५ मध्ये झालेला शवप्रदर्शन सोहळा त्याच परंपरेतला. राणी केतेवान आली आणि गेली. गार्सिया द ओर्ता यांच्याबाबत आपण वर वाचलेच.

ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ते मात्र जेथे पुरले तेथेच राहिले आणि पावसाच्या पाण्यात विरघळले. अस्थी टिकते ती मातीमुळे, हे मी सुरुवातीला लिहिले. आता असे म्हणेन की गोव्यात ती टिकते ती कोणीतरी तिला वारंवार हलवले म्हणून, आणि कोणाला हलवायचे हे सत्ता, श्रद्धा व पैसा यांनी ठरवले. इनामगावच्या रांजणातला माणूस आणि बॅसिलिकेतील संत यांच्यात तीन सहस्रकांचे अंतर आहे, तरी दोघांनाही उरलेल्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीने ठेवले गेले आणि म्हणूनच आपण त्यांच्याविषयी बोलत आहोत.

उद्याच्या अभ्यासकाची मला कधी कधी कीव येते. हजार वर्षांनी एखाद्या दफनभूमीतील अस्थिकूप त्याने उघडला तर शेकडो माणसांची मिसळलेली हाडे पाहून तो साथीचा किंवा कत्तलीचा निष्कर्ष काढील, आणि प्रत्यक्षात ती केवळ जागेची टंचाई असेल.

घाटमाथा
जुन्या शिळांवरील अक्षरे पार झिजली आहेत. माझ्या पाहण्यात काही जण खडूची भुकटी चोळून वाचतात, काही तेल लावतात. याहून चांगला मार्ग आहे का?

तिसवाडीकर
खडू, पीठ, तेल यांपैकी काहीही लावू नये. भुकटी छिद्रांत बसते आणि तेलावर धूळ धरते. वीरगळांवरील तेलाच्या थराखाली कित्येक तपशील कायमचे गेले आहेत. बॅटरी शिळेच्या अगदी कडेला, जवळजवळ जमिनीला टेकवून धरावी म्हणजे प्रकाश आडवा पडतो आणि एरवी न दिसणारे खोदकाम सावलीमुळे उठून येते. दिवा एकदा डावीकडून, एकदा वरच्या बाजूने धरून वेगवेगळी छायाचित्रे घ्यावीत. जागा पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात असेल तर आधी विचारावे, आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू नसताना जावे. मजकुरात आरंभीचे एकटे एस हे अक्षर बहुधा कबर या अर्थाच्या सेपुल्तुरा शब्दाचा संक्षेप असते, आणि शेवटी पी, एन, ए, एम अशी अक्षरे दिसली तर तो वाचणाऱ्याकडे मागितलेला एक 'आमच्या बापा' आणि एक 'नमो मारिया' असतो. मी कॅथलिक नाही, पण मागणी वाचल्यावर क्षणभर थांबतो. डोना पावला येथे राजभवनाच्या वाटेवर नेपोलियनच्या युद्धकाळात येथे राहिलेल्या इंग्रज फौजेची छोटी दफनभूमी आहे. अक्षरवाचनाचा सराव करायचा असेल तर ती सोयीची, कारण शिळा उभ्या आहेत आणि संध्याकाळचे ऊन आडवे येते.